अमाल्फी: आकडे बघायचे की गाडी बघायची?
फेरारीच्या अमाल्फी या स्पोर्ट्स कारबद्दल एक मत वाचलं: शून्य ते शंभर किमी वेग ३.३ सेकंदांत म्हणजे आता काही विशेष नाही, टेस्लाची इलेक्ट्रिक मॉडेल एस प्लेड हजारावर हॉर्सपॉवर देते, मग अमाल्फीला एवढे पैसे का मोजायचे? आकडे बरोबर आहेत हो, पण मला हा हिशोबच पटत नाही. २०१९ ला फेरारीची रोमा आली, जिची जागा आता अमाल्फीने घेतली, ती ६२० हॉर्सपॉवर आणि ३.४ सेकंद, २०२५ ची अमाल्फी ६४० आणि ३.३, म्हणजे पापणी लवायच्या आत संपणारा फरक, तो चालवताना कोणाला कळणारे? डोळ्यांना मात्र लगेच कळतं. रोमाची ती पुढची, बॉडीच्याच रंगाची भोकाभोकांची जाळी खूप जणांना आवडली नव्हती, मला जाम आवडायची, आता ती गेली आणि दोन्ही हेडलाइट जोडणारी काळी पट्टी आली, त्यात नाकाचा तोरा थोडा कमी झाला असं माझं मत. पण मागच्या चाकावरचा तो भरदार फुगवटा, अहाहा! आणि स्टिअरिंगवरचं टच प्रकरण काढून खरी बटणं परत दिलीत, स्टार्टचं बटण तर अ‍ॅल्युमिनियमचं, माझ्यासाठी हे त्या २० हॉर्सपॉवरपेक्षा कितीतरी मोठं आहे.