शिकागोत ६१व्या रस्त्याच्या खाली खोली घेऊ का?

सोलापूरकर_निघाला:
सप्टेंबरमध्ये हाइड पार्कच्या युनिव्हर्सिटीत मास्टर्सला येतोय. कॅम्पसच्या खाली, म्हणजे ६१व्या रस्त्याच्या दक्षिणेला, वुडलॉन वस्तीत ७०० डॉलरला खोली मिळतेय, कॅम्पसजवळ हजाराच्या आत काही नाही. सीनियर म्हणतात, "६१च्या खाली उतरायचंच नाही, तिकडे सगळे काळे." आईने यूट्यूबवर काहीतरी पाहिलंय, तेव्हापासून घरात रडारड. खरंच इतकं वाईट आहे?

नेपरव्हिलचे_काका:
बाळा, ३०० डॉलरसाठी जिवाशी खेळू नकोस. आम्ही २२ वर्षं इथे उपनगरात आहोत. त्या भागातल्या डॅन रायन हायवेवरून जाताना काचा वर करून थेट डाउनटाउन गाठतो.

कुर्ल्याची_पोर:
काका, २२ वर्षांत तिथे एकदा तरी गाडीतून उतरलात का?

मी वुडलॉनमध्ये सहा वर्षं राहतेय. रात्री गोळ्यांचे आवाज ऐकलेत, खोटं कशाला सांगू. एकदा गाडीची काच फोडून जिमची बॅग नेली (आत घामट टी-शर्ट होता, लखलाभ). ग्रीन लाइन मेट्रो संपते त्या कॉटेज ग्रोव्ह स्टेशनला उशिरा उतरले तर फोन बाहेर काढत नाही. पण फोन हाइड पार्कातही हिसकावतात, तेव्हा कुणी सीनियर 'खाली-वर' करत नाही.

हे 'खाली' आलं कुठून? इथल्या गोऱ्या घरमालकांनी काळ्यांना घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही, असे करार केले होते. १९३०च्या दशकात ते कोर्टात टिकवायला तुझ्याच युनिव्हर्सिटीने पैसा पुरवला. सरकारी नकाशात काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या, म्हणजे घरकर्ज विसरा. पुढे गोरे निघून गेले, घरं जळाली, पाडली. १९६० मध्ये वुडलॉनला ८१ हजार माणसं होती, २०२० मध्ये २४ हजारांच्या आसपास. दोन घरांमध्ये गवत माजलेले प्लॉट दिसतात ते त्यामुळे.

मी झोपडपट्टीत वाढले. पहिल्या नोकरीच्या अर्जावर मामाचा मुलुंडचा पत्ता टाकला होता.

पहिल्या हिवाळ्यात तासभर बर्फ उपसून गाडी काढली. संध्याकाळी येऊन बघते तर माझ्या जागेवर शेजारच्या आजींची स्वयंपाकघरातली खुर्ची. म्हटलं, झालं, आता भांडण. तर त्यांनी ती जागा माझ्यासाठीच धरून ठेवली होती! आजींना चोरांपेक्षा घरपट्टीची धास्ती जास्त, ओबामांच्या नावाचं मोठं संग्रहालय, ओबामा सेंटर, शेजारी येतंय म्हटल्यापासून.

नेपरव्हिलचे_काका:
नाही उतरलो, कबूल. पण माझी मुलगी असती तर मी नकोच म्हटलं असतं.

कुर्ल्याची_पोर:
माझे बाबाही तेच म्हणाले होते, काका.

सोलापूरकर_निघाला:
ताई, खोली ६२ आणि एलिसच्या कोपऱ्यावर आहे.

कुर्ल्याची_पोर:
माझ्यापासून चालत पाच मिनिटं. मालकाला व्हिडिओ कॉलवर खोलीबरोबर जिना आणि मागची गल्लीही दाखवायला सांग, रात्रीची. आणि हीटिंग भाड्यात धरलंय का ते लेखी घे. जानेवारीत खरी लूट तिथे होते.