मदत हवी आहे – गावातल्या मुलीच्या अकरावीसाठी

नमस्कार मंडळी, आमचा पाटण तालुक्यात १२ बायकांचा बचत गट आहे. आमच्यातल्याच एका ताईंची मुलगी यंदा दहावी पास झाली, चांगले मार्क आहेत, तिला सायन्सच करायचंय पण कॉलेज लांब आणि घरी तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालंय, म्हणून आम्ही ठरवलं की दर महिन्याला प्रत्येकीने १०० रुपये बाजूला काढायचे आणि तिला शिकवायचं.

एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत फुकट मिळतो हे माहितीये, पण गावात शेवटची गाडी लवकर येते, क्लास करून यायला जमत नाही, त्यामुळे साताऱ्यात किंवा कराडला होस्टेल लागणारच. खरा खर्च तिथेच आहे, फीचा तेवढा नाही.

पुण्यात १९०९ला रमाबाई रानडेंनी सेवासदन सुरू केलं, महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेचं काम तर १८९६ पासूनचं, बायका-मुलींना शिकवायच्या कामाची मोठी परंपरा आहे आपल्याकडे. आमच्या बाजूला असं मुलींचं कमी खर्चाचं वसतिगृह किंवा होस्टेलच्या खर्चाला हात देणारं महिला मंडळ कुणाला माहितीये का? समाजकल्याणच्या वसतिगृहाचा फॉर्म कधी भरायचा, कागद काय लागतात?

आणि अजून एक, गटाचे पैसे थेट मुलीच्या खात्यावर टाकावेत की होस्टेलला भरावेत? पुढे हिशोबावरून कुणाचं मन दुखायला नको. ज्यांनी असं केलंय त्यांनी प्लीज लिहा, अ‍ॅडमिशनचे दिवस जवळ आलेत.