‘कॉन्शसनेस’ला गेममध्ये काय म्हणावं: जाणीव, भान, शुद्ध की चेतना?

पानवेल: खेळणाऱ्याला स्वतःच्या अनुभवाकडे बघायला लावणाऱ्या गेमच्या सूचना मराठीत लिहायच्या आहेत. ‘कॉन्शसनेस’ला सगळीकडे ‘चेतना’ चालेल का?

उंबरठा: एकच शब्द पुरणार नाही. क्रियापद लावून बघा. शुद्ध हरपते आणि येते: भूल, चक्कर. भान सुटतं, राहतं, ठेवावं लागतं. टक्क जागा माणूसही बेभान असू शकतो. जाणीव होते किंवा करून देता येते. ‘चेतना’ घरच्या बोलण्यात येतच नाही, ती एकतर चेतापेशींकडे ओढते नाहीतर प्रवचनाकडे. बटणावर नकोच.

काजवा: सर्वांत फसवा शब्द ‘जाणीवपूर्वक’. मराठीत त्याचा अर्थ मुद्दाम. ‘जाणीवपूर्वक दुर्लक्ष केलं’ म्हणजे ठरवून केलं.

२०२१चा ‘बिफोर युअर आइज’ हा गेम घ्या. वेबकॅम पापण्या टिपतो आणि मेट्रोनोमची (ठेका धरणाऱ्या लोलकाची) खूण दिसू लागली की पुढच्या उघडझापीला काळ पुढे उडी मारतो. पापणी मिनिटाला साधारण १५-२० वेळा लवते. प्रत्येक लवणं धरलं असतं तर प्रसंग ३-४ सेकंदांत आटोपला असता. म्हणून ती खूण. पण खूण अनेकदा बोलणं चालू असतानाच येते, मग माणूस डोळे ताणून धरतो आणि एरवी नकळत घडणारी गोष्ट त्याला जाणवू लागते. गेमचा सगळा जीव या ताणात आहे.

आता सूचना. ‘पापणी मिटा’ लिहिलंत तर कर्ता खेळणारा होतो. तो मुद्दाम मिटतो, ताण संपला. ‘पापणी लवली की काळ पुढे जाईल’ लिहा. ‘लवणे’ अकर्मक आहे, पापणी आपली आपण लवते. ‘पातं लवतं न लवतं तोच’ म्हणतो ना, तेच. ‘डोळे मिटा, उघडा’ फक्त सुरुवातीला कॅमेरा जुळवताना ठेवा, तिथे मुद्दामच मिटायचे असतात. दिवा पाठीमागे असला किंवा चष्म्यावर चकाकी आली तर कॅमेरा चुकतो. तेव्हा ‘डोळे नीट दिसत नाहीत, उजेड समोरून घ्या’ एवढंच पुरे.

पानवेल: आणि मन यंत्रात उतरवण्याला? ‘चेतनेचं हस्तांतरण’ लिहिलं होतं.

उंबरठा: हस्तांतरणात वस्तू पहिल्या हातातून जाते, जमीन जाते तशी. ‘सोमा’ या गेममध्ये (फ्रिक्शनल गेम्स, २०१५) नेमकं उलट घडतं: नायक सायमन खुर्चीत बसतो, त्याच्या मनाची प्रत निघून नवा सायमन तयार होतो आणि जुना खुर्चीत तसाच उरतो. त्याचा शेवटचा संताप यातूनच येतो, आपण जाणार हे त्याने धरलेलं असतं. तेव्हा सायमनच्या तोंडी ‘मी तिकडे जाईन’ असू द्या. यंत्राच्या पडद्यावर मात्र ‘प्रत’.

काजवा: आणि ती ‘प्रत’ बारीक अक्षरात, पहिल्या खुर्चीपासूनच. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला ती दिसेल.