मुलं-मुली एका वर्गात आल्या की पोरं खरंच सुधारतात?

खडूची धूळ: पट घसरला म्हणून आमच्या गावची मुलींची शाळा यंदा मुलांच्या शाळेत विलीन होतेय. पालकसभेत एकच सूर, 'आठवी-नववीचं वय वाईट.' माझा धाकटा आठवीत आहे. मला तर वाटतं, मुली आल्या की निदान शिव्या तरी कमी होतील. केरळच्या बालहक्क आयोगाने जुलै २०२२ मध्ये आदेशच काढला होता, २०२३-२४ पासून सगळ्या शाळा मिश्र करा म्हणून.

बाकावरची: शिव्या कमी करायचं काम मुलींचं का? मी मिश्र शाळेत वर्गमंत्री होते. सर ऑफिसात गेले की फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायची, पुन्हा बोलला की पुढे फुली. वर्ग शांत राहायचा आणि मी 'चमची' ठरायचे. दहावीपर्यंत एकही मुलगा माझ्याशी धड बोलला नाही.

गणिताचा तास: शिक्षक आहे, दोन्हीकडे शिकवलंय. फरक पडतो. इस्रायलमधल्या शाळांवर लावी आणि श्लोसर यांचा २०११चा अभ्यास आहे: वर्गात मुलींचं प्रमाण वाढलं की दंगा कमी होतो, निकाल सुधारतो, मुलांचासुद्धा.

बाकावरची: त्याच अभ्यासात पुढे आहे की एकेका मुलाचं वागणं फारसं बदललेलं नव्हतं. दंगेखोर डोकीच कमी, म्हणून वर्ग शांत. पोरगा होता तसाच, त्याला साथीदार तेवढे कमी मिळाले.

गणिताचा तास: मला तेवढंही पुरतं हो! साठ पोरांसमोर वर्गमूळ शिकवून बघा एकदा.

फक्त मुलींची: आमच्या शाळेत बाक आम्हीच उचलायचो, गॅदरिंगचा माईकही आम्हीच जोडायचो. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये हायस्कूल सोडतीने मिळायचं, तिथेही नुसत्या मुलींच्या आणि नुसत्या मुलांच्या शाळांचे गुण सरस निघाले. पण खरं सांगते, अकरावीत मिश्र कॉलेजात गेले आणि पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडलं नाही. तेव्हा माझं मत कुठल्या पारड्यात टाकायचं ते तुम्हीच ठरवा.

मधली सुट्टी: आमच्या शाळेत दंगा केला की बाई म्हणायच्या, 'ऊठ, मुलींच्या रांगेत जाऊन बस.' सगळा वर्ग हसायचा. मी मान खाली घालून बसायचो, आणि शेजारची दप्तर मधे ठेवून पार कडेला सरकायची. तिने काय गुन्हा केला होता?

गणिताचा तास: ही शिक्षा मीही दिलीय. मुलगा गप्प बसतो एवढंच बघितलं, मुलीकडे लक्षच गेलं नाही.

खडूची धूळ: आज मुख्याध्यापकांना विचारलं, बसवणार कसं? म्हणाले, 'डावीकडे मुलं, उजवीकडे मुली, मधे वाट.' मग एकत्र काय झालं, हजेरीपट? शनिवारी पुन्हा सभा आहे, तिथे हे काढतो. आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचंही. त्या इमारतीत सध्या शिक्षिकांचं एकच आहे, तेही कुलपात.