बाजूने घेतलेल्या छायाचित्रावरून सागवानात उठावशिल्प: उंची कोठून आणावी?

प्रश्न (फर्निचर वर्कशॉप, अमळनेर)

सर्वांना नमस्कार. दारांवरील वेलबुट्टी आणि देव्हाऱ्यांची नक्षी आम्ही सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या फाइलवरून कोरणाऱ्या यंत्रावर कोरतो. त्या कामाच्या तयार फाइल्स विकत मिळत असल्यामुळे थ्रीडी आकार स्वतः घडवण्याची वेळ आजवर फारशी आली नव्हती. आता जवळच्या खेड्यातील एका शेतकरी कुटुंबाने आपल्या दिवंगत आबांची प्रतिमा सागवानात कोरून मागितली असून वर्षश्राद्धाला ती घरात लावण्याचा त्यांचा मानस आहे. आबांचे समोरून घेतलेले छायाचित्र केवळ आधार कार्डावरचे आहे आणि त्याचा उपयोग होण्यासारखा नाही. मात्र एका लग्नात अगदी बाजूने टिपलेले एक छायाचित्र फार चांगले आले आहे. त्यात डोक्यावर पांढरी टोपी, जाड काळ्या मिश्या आणि कपाळावरच्या आठ्या स्पष्ट दिसतात.

फळी 300 × 400 मिमी आकाराची, 25 मिमी जाडीची आहे आणि उठाव 10 मिमीपर्यंत ठेवता येईल. ॲस्पायर या कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये छायाचित्र आणून त्यावरून थेट कंपोनंट, म्हणजे थ्रीडी उठाव तयार केला, तेव्हा टोपी चेहऱ्यापेक्षाही उंच झाली, मिशीच्या जागी चर पडला आणि नाकावरच्या चकाकीचे टोक उभे राहिले. स्मूथ करावे तर चर बुजतो, पण त्याबरोबर डोळा आणि ओठही नाहीसे होतात. छायाचित्रावर आधी काही संस्कार करावे लागतात, की ही पद्धतच या कामाची नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (दागिन्यांचे डिझाइन, जळगाव)

ही पद्धत या कामाची नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा मोजते आणि पांढरे ते उंच, काळे ते खोल असे गृहीत धरते. आपल्या आबांची टोपी पांढरी होती म्हणून ती वर आली आणि मिशी काळी होती म्हणून खाली गेली. छायाचित्रात प्रकाशाची नोंद असते, उंचीची नसते. कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करून किंवा रंग उलटे करून यातून सुटका होत नाही, कारण एक दोष झाकला की दुसरा वर येतो.

शिवाय साध्या जेपेग चित्रात करड्या रंगाच्या 256 पायऱ्या असतात. 10 मिमी उंचीला त्या पुरेशा वाटतात, पण गालाच्या वाट्याला त्यांतल्या 40 आल्या आणि आपण गाल 6 मिमीपर्यंत उचलला, तर प्रत्येक पायरी 0.15 मिमीची होते आणि पॉलिश केल्यावर ती डोळ्यांना दिसते. म्हणून उंचीचा नकाशा कोणत्याही मार्गाने तयार केला तरी तो 16 बिटमध्ये, म्हणजे 65,536 पायऱ्यांमध्ये जतन करावा.

सराफ बाजारातील पदकांसाठी आम्ही पूर्वी आर्टकॅम हे सॉफ्टवेअर वापरत असू. त्यात बाजूच्या छायाचित्रावरून चेहरा उभारून देणारी फेस विझार्ड नावाची सोय होती आणि तीदेखील आधी नाक, ओठ, हनुवटी यांच्या रेषा माणसाकडूनच जुळवून घेत असे. ऑटोडेस्कने 2018 मध्ये आर्टकॅम बंद केले. त्याच पायावर पुढे कार्व्हेको उभे राहिले. आपल्याकडे ॲस्पायर आहे, ते या कामाला पुरेसे आहे. नवे काही विकत घेण्याच्या भरीस पडू नये.

प्रतिसाद (निवृत्त कलाशिक्षक, धुळे)

सॉफ्टवेअरच्या बटणांविषयी इतरांनी लिहावे. मी चेहऱ्याविषयी लिहितो.

समोरून दिसणाऱ्या चेहऱ्याच्या मानाने बाजूचा चेहरा उठावशिल्पाला फार सोयीचा असतो. ओळख पटते ती कपाळ, नाक, ओठ, हनुवटी या सलग रेषेवरून, आणि ही संपूर्ण रेषा चेहऱ्याच्या मधोमध, एकाच पातळीत असते. राणीछाप चांदीचा रुपया घरात असेल तर हातात घेऊन पाहा. त्यावरचा उठाव एक मिलिमीटरही नाही, तरी राणी ओळखू येते. त्यामुळे आपले निम्मे काम त्या रेषेतच आहे आणि ती बिनचूक काढण्यासाठी जेवढा वेळ लागेल तेवढा द्यावा.

आता उंचीचा क्रम. नवशिके नाक सर्वांत उंच करतात, कारण समोरून पाहताना ते पुढे आलेले असते. बाजूच्या चेहऱ्यात मात्र नाकाचा कणा सर्वांत खाली असतो, कारण तो मध्यरेषेवर आहे. प्रौढ माणसाचे बुबुळ त्या मध्यरेषेपासून सुमारे 31 मिमी बाहेर असते, गालाचे हाड 65 ते 70 मिमी, आणि कान त्याहूनही बाहेर. हेच प्रमाण 8 मिमीत बसवले तर बुबुळ साधारण 3 मिमीवर, गालाचे हाड साडेसहाच्या आसपास आणि कानाची कड सर्वांत वर येते. परंतु सर्वत्र सारख्याच प्रमाणात दाबल्यास नाकपुडी आणि ओठ इतके सपाट होतात की चेहरा निर्जीव दिसतो. म्हणून खालच्या भागांना त्यांच्या हक्कापेक्षा थोडी अधिक उंची द्यावी आणि ती गाल-कानाकडून काढून घ्यावी. नाकपुडी हिशेबाने पावणेदोन मिमीवर येत असेल तर ती अडीचवर न्यावी. उरलेले 2 मिमी बाह्यरेषेच्या कडेला सरळ भिंतीसारखे सोडावे, म्हणजे मागच्या सपाट फळीवर सावली पडून रेषा उठून दिसेल.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. 1860 च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्रांस्वा विलेम या शिल्पकाराने माणसाला मध्ये बसवून सभोवार 24 कॅमेरे लावले आणि प्रत्येक छायाचित्राची बाह्यरेषा पँटोग्राफने मातीत उतरवून पुतळे घडवले. एका छायाचित्रातून एकच बाह्यरेषा मिळते, हे त्याने ओळखले होते. आपल्याजवळ एकच छायाचित्र आहे. बाकीच्या तेवीस रेषा शरीररचनेच्या ज्ञानातून आणि घरच्या मंडळींच्या आठवणीतूनच भराव्या लागतील. आबांच्या मुलांपैकी कोणाची ठेवण वडिलांसारखी असल्यास त्याला बाजूने बसवून गाल आणि डोळ्याची खोबण अवश्य पाहावी.

प्रतिसाद (संगणक अभियंता, भुसावळ)

वरील दोन्ही मते मान्य असूनही सुचवावेसे वाटते की आज छायाचित्रावरून खोलीचा अंदाज करणारी एआय मॉडेल विनामूल्य उपलब्ध आहेत. मिडास आणि डेप्थ एनीथिंग ही त्यांतली परिचित नावे. रंगाला खोली समजण्याची चूक ती सहसा करत नाहीत. टोपी पांढरी असली तरी ती डोक्यावर आहे हे त्यांना बहुधा कळते. त्यांचा नकाशा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घेऊन स्कल्प्टिंगने, म्हणजे पडद्यावर मातीसारखा घडवून सुधारावा आणि ऑर्थोग्राफिक (दूर-जवळचा फरक न दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यातून 16 बिटचा खोली-नकाशा बाहेर काढावा. तो काढताना रंगव्यवस्थापनातील व्ह्यू ट्रान्स्फॉर्म ‘रॉ’ ठेवण्यास विसरू नये. अन्यथा चित्र सुंदर दिसावे म्हणून ब्लेंडर मधल्या छटा बदलते आणि गालाची गोलाई बिघडते.

प्रतिसाद (दागिन्यांचे डिझाइन, जळगाव)

मॉडेलचा नकाशा आरंभ म्हणून चालेल, पण मर्यादा लक्षात घ्याव्यात. डेप्थ एनीथिंग नेहमीच्या मांडणीत चित्र सुमारे 518 पिक्सेलवर आणून काम करते. 400 मिमी लांबीच्या फळीवर तो एक पिक्सेल पाऊण मिलिमीटरहून मोठा होतो. पापणीची कड त्यात मावत नाही. गाल, मान, टोपीचा मोठा आकार त्यातून घ्यावा; डोळा, नाकपुडी, ओठ, कान हातानेच करावेत.

ॲस्पायरमध्ये मी असा क्रम ठेवीन. छायाचित्र खाली ठेवून बाह्यरेषा, जबडा, गाल, डोळा, कान, मिशी आणि टोपी यांचे स्वतंत्र बंद व्हेक्टर, म्हणजे रेखाकार काढावेत. संपूर्ण डोक्याचा कमी उंचीचा गोलसर आकार आधी करावा आणि त्यावर गाल व भुवईचे हाड ‘ॲड’ने, म्हणजे खालच्या उंचीत भर घालून चढवावे. कान ‘मर्ज’ने (दोन आकारांतील जो उंच तोच राहतो) बसवावा, कारण तो गालात मिसळून न जाता स्वतंत्र दिसावा लागतो. टोपीला टिल्ट देऊन कपाळाकडची कड खाली आणि कानाकडची वर करावी. हा कल दिला नाही तर टोपी डोक्यावर घातलेली न वाटता फळीवर चिकटवलेली वाटते. मिशी गालाच्या पृष्ठभागावर एक-दीड मिलिमीटर उचलून तिच्यात केसांच्या दिशेने थोड्याच खाचा द्याव्यात. प्रत्येक केस कोरण्याच्या मोहात पडू नये. शेवटी स्कल्प्टिंगमधील स्मूथ अगदी कमी जोराने, केवळ सांध्यांवर फिरवावे.

प्रश्नकर्ता (अमळनेर)

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. गुरुजी, नाक सर्वांत खाली असते हे वाचल्यावर माझ्या फाइलमधील चेहरा फुगल्यासारखा का दिसत होता ते समजले. आता दोन शंका उरतात. बाजूने दिसणारा डोळा नेमका कसा करावा? आणि एवढे बारीक काम कोरण्याच्या कोणत्या बिटने (पात्याने), किती वेळात होईल?

प्रतिसाद (निवृत्त कलाशिक्षक, धुळे)

बाजूने डोळा बदामासारखा दिसत नाही, पुढे रुंद आणि मागे निमुळत्या होत जाणाऱ्या त्रिकोणासारखा दिसतो. वरची पापणी खालच्या पापणीपेक्षा थोडी पुढे आलेली असते. ती तशी केली नाही तर माणूस डोळे वटारून पाहत असल्यासारखा दिसतो. बुबुळ गोल न काढता उभट, अरुंद काढावे आणि तेथे उथळ खाच ठेवावी, म्हणजे सावलीच बुबुळाचे काम करील. घरात प्रतिमा कोणत्या भिंतीवर लागणार आणि प्रकाश कोणत्या बाजूने येणार, हे आधी विचारून घ्यावे. चाळीसगावला जाणे झाले तर केकी मूस यांच्या कलादालनातील कृष्णधवल छायाचित्रे याच दृष्टीने पाहावीत. उजेडाची बाजू ठरवण्याचे महत्त्व तेथे चटकन लक्षात येते.

प्रतिसाद (राउटरचालक, शहादा)

यंत्राविषयी लिहितो. 6 मिमीच्या सपाट बिटने रफिंग, म्हणजे जाडीभरडी कोरणी करून अर्धा मिलिमीटर माल शिल्लक ठेवावा. फिनिशिंग 3 मिमीच्या बॉलनोजने (गोल टोकाच्या बिटने) दोन ओळींत 0.3 मिमी अंतर ठेवून करावे. दोन ओळींमधील उंचवटा अंतराच्या वर्गाला बिटच्या त्रिज्येच्या आठपटीने भागल्यास मिळतो. येथे तो 0.01 मिमीहूनही कमी राहतो आणि हलक्या पॉलिशपेपरने निघून जातो. 300 मिमी रुंदीत 1000 ओळी, प्रत्येक 400 मिमीची, म्हणजे 400 मीटर प्रवास झाला. मिनिटाला 2000 मिमी वेग धरल्यास 200 मिनिटे होतात. प्रत्यक्षात बिट सतत वर-खाली होत असल्यामुळे वेळ याहून अधिक लागेल. 1 मिमी टोकाचा टेपर (निमुळता) बिट सगळ्या फळीवर 0.1 मिमी अंतराने फिरवल्यास हेच काम किमान 10 तासांवर जाते, म्हणून डोळा, कान आणि मिशीभोवती सीमारेषा आखून तो तेवढ्याच भागात चालवावा.

सागवानात सिलिका असल्यामुळे धार लवकर जाते; बिट कार्बाइडचाच घ्यावा आणि फिनिशिंगसाठी नवा ठेवावा. लाकडाच्या रेषा उभ्या असलेली फळी निवडून फिनिशिंगच्या ओळी रेषांच्या दिशेनेच चालवाव्यात. पट्ट्या जोडून फळी केली असेल तर जोड डोळ्यातून किंवा नाकाच्या कडेवरून जाणार नाही, अशी मांडणी करावी. लाकूड चांगले मुरलेले असावे आणि पॉलिशचा हात मागच्या बाजूलाही द्यावा, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा एकाच बाजूने बंद केलेली फळी हमखास वाकते.

भारनियमनाचे वेळापत्रक पाहूनच फिनिशिंग सुरू करावे. यंत्र चालवणाऱ्या डीएसपी कंट्रोलरमध्ये खंडित जागेपासून काम पुन्हा सुरू करण्याची सोय असते, परंतु त्यासाठी यंत्र आधी होमवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या आरंभस्थानी न्यावे लागते. होमचे स्विच ढिले असतील तर त्या ओळीवर गालातून उभी रेघ उमटते आणि ती घासून जात नाही. तेव्हा स्विच आधी तपासावेत, आणि काम पूर्ण होईपर्यंत फळीचे क्लॅम्प सोडू नयेत.