कोरीव, घडीव की ओतीव?

जळगावातल्या एका फर्निचरच्या दुकानाचं माहितीपत्रक मराठीत करतोय. त्यात ‘स्कल्प्चरल’, म्हणजे शिल्पासारख्या घाटाच्या खुर्च्या-टेबलं आहेत. ‘कोरीव’ चालेल का? की ‘शिल्पवत्’?

प्रतिसाद :
‘कोरीव’ नको. कोरीव म्हटलं की वाड्याचा खांब, चौकटीवरची वेलबुट्टी डोळ्यांपुढे येते. इथे तर कोरलेलं काहीच नसतं. इसामू नोगुची मुळात शिल्पकार. १९४७ साली बाजारात आलेलं त्याचं टेबल बघा : लाकडाचे दोन सारखेच वळणदार तुकडे, एक सुलटा, एक उलटा, खुंटीने जोडलेले आणि वर जाड काच. फूल नाही, पान नाही. जे शिल्प, तेच टेबलाचे पाय.

माझा शब्द ‘घडीव’. आमचे आजोबा अमळनेरकडे गाडे-नांगर करायचे. त्यांच्या हातचं बाभळीचं जू अजून ओसरीत टांगलेलं आहे. बैलाच्या मानेवर टेकतो तो भाग वाकसाने, म्हणजे लाकूड तासायच्या आडव्या पात्याच्या हत्याराने, तासून आतून गोल केलाय. अंगठा फिरवला तर कुठेही धार लागत नाही. नक्षी शून्य, तरी नजर तिथेच जाते. पटाशीच्या (सुताराच्या छिन्नीच्या) कामाला ते ‘कोरणं’ म्हणत, वाकसाच्या कामाला ‘घडणं’.

प्रतिसाद :
घडीव म्हणजे घडीव दगड, चौकोनीच वाटतं. आणि ‘शिल्प’ कुठे गेलं?

प्रतिसाद :
दगडाचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून नुसतं ‘घडीव खुर्ची’ न लिहिता ‘घडीव वळणांची खुर्ची’ लिहावं. ‘शिल्पवत्’ मात्र मला मनापासून नको वाटतो. ‘शिल्पासारखं, पण शिल्प नव्हे’ असा उणेपणा त्यात येतो. खरं तर ‘शिल्प’ म्हणजे फक्त मूर्ती नव्हे, कोणतीही हातची कारागिरी. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवणारे सर आजही ‘शिल्प निदेशक’च असतात. वस्तू वापरायची की बघायची, ही फाळणी या शब्दात मुळात नव्हतीच.

प्लास्टिकचं वेगळं. डॅनिश डिझायनर व्हेर्नर पँटनची १९६७ची खुर्ची एकाच साच्यातून निघालेली, मागचे पायच नाहीत. तिला ‘ओतीव’ म्हणा. तिचा फोटो बघून आई म्हणाली, “हाई बठाले शे का देखाले?” (ही बसायला आहे की बघायला?) अहिराणीतला हा प्रश्न माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापला तरी चालेल. धुळे-नंदुरबारकडे वाकसाच्या कामाला दुसरा शब्द असेल तर जरूर लिहा, मला तो हवा आहे.