ऑक्टोपसच्या हृदयांवर संप्रेरकांचा परिणाम होतो का?

प्रश्न: ऑक्टोपसला ३ हृदये असतात. त्यांचे नियंत्रण केवळ मज्जातंतू करतात, की संप्रेरकेही?

प्रतिसाद: दोन्ही. त्याच्या महाशिरेच्या भित्तीत मज्जातंतूंची टोके दाटीने पसरलेली असून, त्यांतून स्रवणारी पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, ज्या येथे संप्रेरकांचे काम करतात) रक्ताबरोबर हृदयांकडे जातात आणि ठोक्यांचा जोर वाढवतात. जागाही मोक्याचीच, कारण परतणारे रक्त तेथूनच कल्ल्यांजवळच्या दोन हृदयांकडे जाते.

दुसरा प्रतिसाद: मज्जातंतूंतून स्रवणाऱ्या रसायनांपैकी सेरोटोनिनमुळे हृदयाचे आकुंचन जोमदार होते, तर असिटिलकोलिन त्याला आवर घालते. मला विशेष वाटते ते जीएनआरएचचे, कारण प्रजननाशी जोडले जाणारे हे संप्रेरक शरीराबाहेर काढलेल्या मुख्य (सर्व शरीराला रक्त पुरवणाऱ्या तिसऱ्या) हृदयाचे आकुंचनही बदलते.

प्रश्नकर्ता: म्हणजे प्रजननकाळात रक्ताभिसरणही बदलते?

दुसरा प्रतिसाद: तसा निष्कर्ष घाईचा ठरेल, जिवंत प्राण्यात मज्जातंतूंचे नियंत्रणही त्याच वेळी चालू असते.